खानदेशच्या हवेत मिगचे रुपेरी अंग

जुन्या जेट लढाऊ विमानाची प्रतिकृती घडविण्यास चिकाटी लागते, हे कोणीही सांगेल. परंतु वैशाखात पारा 44 अंशांच्या पुढे चढणाऱ्या आमच्या भडगावात चिकाटीच्या जोडीला ऋतूचे आणि प्रहराचे भानही असावे लागते. हे मला अनुभवाने शिकावे लागले, म्हणून नवोदितांसाठी ते येथे नमूद करून ठेवतो.

मी मिग-21 एफएल हे विमान निवडले, कारण त्याच्याशी आपल्या मुलुखाचे नाते आहे. 1963 साली भारतीय वायुसेनेत दाखल झालेली, 14 डिसेंबर 1971 रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मारा करणारी आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झालेली मिग-21 विमाने नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होत असत. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे 7.15 मीटर, 1:72 या प्रमाणात तो जेमतेम 10 सेंटिमीटर भरतो. आरंभीच्या काळात ही विमाने रंगाविना, उघड्या धातूच्याच अंगाने उडत, आणि खरी कसोटी तेथेच आहे. कारण रुपेरी रंग खालच्या पृष्ठभागाचा एकही दोष पोटात घालीत नाही.

संचासोबतच्या सूचनापत्रकाबरहुकूम थिनरचे प्रमाण राखून, ऐन मे महिन्यात, भर दुपारी एअरब्रशने दिलेला रुपेरी हात वाळला तेव्हा पंख पॉलिशपेपरसारखा खरखरीत झाला होता. ते पत्रक थंड हवेच्या देशात लिहिलेले. आमच्या उष्ण व कोरड्या हवेत रंगाचे सूक्ष्म थेंब प्लास्टिकवर टेकण्यापूर्वीच वाटेत सुकतात आणि भुकटी होऊन बसतात. आषाढ-श्रावणात याच्या उलट प्रकार घडतो: थिनर झपाट्याने उडून पृष्ठभाग गार पडतो, हवेतील बाष्प ओल्या रंगावर धरते आणि चकाकीवर पांढुरकी साय चढते. उन्हाळ्यात कूलरसमोर बसून काम करणे हाही उपाय नव्हे, कारण त्याच्या झोताबरोबर धूळ आणि दमटपणा दोन्ही येतात.

म्हणून माझा सल्ला असा की, जोडणी वाटेल तेव्हा करावी, परंतु रुपेरी रंगासाठी कार्तिक ते माघ हे महिने राखून ठेवावेत आणि पहाटेचा गारठा ओसरल्यावर, ऊन तापण्यापूर्वी हात मारावा. त्याच दिवसांत गावोगाव कापूस फुटतो व जिनिंगची तूस हवेत तरंगते, तेव्हा खोली आदल्या संध्याकाळीच ओल्या फडक्याने पुसावी आणि रंगविलेला भाग ताबडतोब डब्याखाली झाकावा. सांध्यांत लांबी भरून, ती पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून, अस्तर द्यावे. त्यावर चकचकीत काळा हात देऊन तो पुरता कडक होऊ द्यावा आणि मगच रुपेरी रंगाचे विरळ थर चढवावेत. नाकाचा शंकू व शेपटीच्या सुळक्याचे टोक हिरवे असते, तर इंजिनाच्या मुखाशी पत्रा तापून काळवंडलेला दिसतो; हे भेद साधले म्हणजे एकरंगी प्लास्टिकला धातूची कळा येते. प्रत्येक मिश्रण आधी प्लास्टिकच्या टाकाऊ चमच्यावर अजमावून पाहावे. केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळांची डिकल्स चकचकीत थरावरच लावावीत, कारण खडबडीत पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकून रुपेरी डाग उमटतात. जोडणीच्या वेळीच नाकाच्या पोकळीत शिशाचे वजन दडवावे, म्हणजे विमान शेपटीवर बसणार नाही. थिनरची वाफ छातीला अपायकारक व ज्वालाग्राही असते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात, तोंडावर योग्य मुखवटा असावा आणि जवळपास देवाचा दिवासुद्धा नसावा, याबाबत कसूर करू नये.

अखेरची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक हाताची तारीख, वेळ, तापमान, थिनरचे प्रमाण आणि झालेला परिणाम यांची नोंद वहीत करावी आणि ती वही मागेल त्याला निःसंकोच दाखवावी. परदेशी पत्रक आपल्या उन्हाची दखल घेणार नाही; चाळीसगाव, पाचोरा, धुळे येथील हौशी मंडळींनी आपापले असे दप्तर राखले, तर पुढच्या मुलाचा पहिला पंख खरखरीत होण्यापासून वाचेल, आणि एवढी तजवीज करणे आपल्या हाती आहे.