काळ्या जमिनीवरचे बांधकाम : व्यवस्थापकासाठी अनुभवाचे बोल

बांधकाम व्यवस्थापकाला मुदत, खर्च, दर्जा आणि माणसांची सुरक्षितता अशा चार गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात, साखऱ्यासारख्या गावी शाळेची खोली, गोदाम किंवा सभागृह उभारताना या चारही गोष्टी ज्या कारणांनी अडचणीत येतात, ती ठरलेली आहेत: काळी माती, पावसाळा, शेतीचा हंगाम, वाळूची टंचाई आणि रेंगाळणारे देयक. यांतले एकही कारण अचानक उद्भवत नाही. तरीही कामे लांबतात आणि भिंती तडकतात, कारण ही कारणे वेळापत्रकात धरलेली नसतात.

जमीन आणि पाया

काळी माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाचा हा गुण आहे. मे महिन्यात हीच जमीन कुदळीला दाद देत नाही, आणि तेवढ्यावर ती पक्की समजून पाया उथळ ठेवला जातो. पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत जोते उचलले जाते आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. नंतर कितीही गिलावा केला तरी त्या पुन्हा उघडतात.

म्हणून नकाशा मंजूर होण्याआधीच जागेवर चाचणी खड्डे घ्यावेत. शेजारची विहीर पाहिली तर काळी माती किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो याचा अंदाज येतो. मात्र विहीर चाचणीची जागा घेऊ शकत नाही. पाया मुरमात टेकवावा. माती फार खोल असेल तर खालच्या टोकाशी कंद असलेले अंडर-रीम्ड पाइल संरचना अभियंत्याकडून आखून घ्यावेत. खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू नये. तिथे मुरूम थराथराने, पाणी मारून आणि धुम्मस करून भरावा. इमारतीभोवती उताराची फरशी करून छताचे पाणी पायापासून दूर काढावे.

पाया अंदाजपत्रकापेक्षा खोल गेला की वादाला तोंड फुटते. जादा खोदाईचे मोजमाप काँक्रीट पडण्यापूर्वीच मोजमाप पुस्तिकेत नोंदवून घ्यावे आणि मोजपट्टीसह छायाचित्र काढावे. झाकल्या गेलेल्या कामाची तोंडी मंजुरी देयकाच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

पाऊस, वाळू आणि मजूर

मृगाचा पाऊस पडला की शेतरस्त्यावरून भरलेला हायवा जात नाही. नदीतून वाळू काढणे 10 जून ते 30 सप्टेंबर बंद असते. त्यामुळे पावसाळ्यात लागणारी खडी आणि वाळू मेअखेरपर्यंत कामाच्या जागी, फरशीवर किंवा ताडपत्रीवर साठवावी लागते. वाळू ब्रासने, म्हणजे 100 घनफुटांच्या मापाने, मोजून घ्यावी आणि वाहतूक परवाना जपून ठेवावा. बिनपरवाना वाळू जप्त झाली तर काम थांबते. दगडापासून केलेली कृत्रिम वाळू हा चांगला पर्याय आहे, पण तिच्यातील भुकटीचे प्रमाण तपासूनच ती वापरावी.

मजुरांचे गणित यापेक्षा अवघड असते. सोयाबीन काढणीला आले की गावातील हात शेतात जातात. दसरा-दिवाळीनंतर अनेक जोड्या ऊसतोडीला निघतात. हिवाळ्याच्या अखेरीस हळद काढणे आणि शिजवणे सुरू होते. जिल्ह्यातीलच वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, इतके हे पीक जिल्ह्यात रुजले आहे. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात जी कामे रखडली, त्यांत स्लॅबची तारीख सोयाबीनच्या काढणीवर आलेली असणे हे कारण वारंवार दिसले. बहुतेक वेळा मुकादमाला उचल देऊन तारीख नक्की झाल्याचे मानले जाते, पण सुगीत उचलीचा धाक चालत नाही. जास्त माणसे लागणारी कामे हंगामाबाहेर आखावीत. चार-पाच माणसांत होणारी विटांची आणि गिलाव्याची कामे हंगामासाठी राखून ठेवावीत.

काँक्रीट आणि सळई

स्लॅबच्या दिवशी सर्वाधिक नुकसान जादा पाण्याने होते. माल पसरायला सोपा जावा म्हणून गवंडी मिक्सरमध्ये बादली ओततो आणि ताकद घटते. भारतीय मानक 456 नुसार एम-20 च्या नाममात्र मिश्रणात 50 किलोच्या एका पोत्याला 30 लिटर पाणी पुरते, म्हणून पाण्याचे माप मिक्सरजवळच ठेवावे. पारा 40 अंशांच्या वर गेला असेल तर काँक्रीट पहाटे किंवा संध्याकाळी टाकावे. बाजारात मिळणाऱ्या पीपीसी (पोझोलानायुक्त) सिमेंटच्या काँक्रीटवर किमान 10 दिवस, शक्यतो 14 दिवस पाणी मारत राहावे. उन्हाळ्यात एवढे पाणी टाकीत किंवा टँकरमध्ये राखून ठेवल्याशिवाय स्लॅबची तारीख ठरवू नये. साधे सिमेंट वापरले असेल तर 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस आणि 6 मीटरपर्यंतच्या तुळईखालचे 14 दिवस काढू नयेत. पीपीसीला त्याहून अधिक अवधी द्यावा.

21 मार्च 2024 रोजी आणि पुन्हा 10 जुलैला हिंगोली परिसरात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. त्यामुळे खांबातील रिंगांकडे दुर्लक्ष परवडणारे नाही. रिंगेची टोके काटकोनात न सोडता 135 अंशांत आत वळवावीत. खांब आणि तुळई मिळतात तिथे रिंगा जवळजवळ असाव्यात. ही तपासणी सेंट्रिंगच्या फळ्या बंद होण्यापूर्वी करावी. काँक्रीटच्या घनाच्या चाचणीचा निकाल 28 दिवसांनी येतो. तोवर वरचे काम पुढे गेलेले असते, म्हणून दर्जा काँक्रीट टाकतानाच सांभाळावा.

पैसा आणि सुरक्षितता

शासकीय कामाचे देयक मोजमाप, तपासणी आणि निधी या पायऱ्यांनी जाते आणि मार्चअखेरीस गर्दीत अडकते. एखादे देयक उशिरा आले तरी मजुरी थांबणार नाही इतके खेळते भांडवल सुरुवातीलाच बाजूला काढावे. कार्यारंभ आदेशाआधी काम सुरू करू नये. गावकऱ्यांनी सुचवलेला बदल, मग तो एका दाराचा का असेना, लेखी मान्यतेशिवाय स्वीकारू नये.

काळ्या मातीतील खोल चराच्या कडा पावसात ढासळतात. त्यांना उतार किंवा आधार द्यावा आणि काढलेली माती कडेपासून दूर टाकावी. हेल्मेट, परांचीची भक्कम चढण आणि सावलीची जागा हा खर्च अंदाजपत्रकातच धरावा. मागील वर्षात 90 दिवस बांधकामावर राबलेल्या 18 ते 60 वयाच्या मजुराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्याला कामाचे प्रमाणपत्र वेळेवर मिळेल हे व्यवस्थापकाने पाहावे.

काम पूर्ण झाल्यावर, प्रत्यक्षात जसे बांधले तसा नकाशा, पायाच्या खोलीची नोंद आणि चाचणी अहवाल ग्रामपंचायतीकडे सोपवावेत. दोष दायित्वाच्या काळात पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा इमारत तपासावी आणि पाणी साचत असल्यास उतार सुधारावा.