वस्त्रांची साक्ष

रंगभूमीवर अथवा पडद्यावर एखादे पात्र प्रवेश करते, तेव्हा त्याच्या मुखातून पहिला शब्द बाहेर पडण्यापूर्वीच त्याची वस्त्रे बोलू लागतात. ते पात्र कोणत्या देशाचे, कोणत्या काळाचे, श्रीमंत की गरीब, हे प्रेक्षक त्याच्या पोशाखावरूनच ओळखतात. म्हणून ऐतिहासिक नाटकात वेशभूषा ही केवळ शोभेची बाब राहत नाही. ती इतिहासाची साक्षीदार ठरते. आणि साक्षीदाराने खरे बोलावे, हा तर न्यायाचा पहिला नियम होय.

इंग्लंडमध्ये २०१६ साली ‘व्हिक्टोरिया’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तीत राणी व्हिक्टोरियाची भूमिका जेना कोलमन या अभिनेत्रीने केली आणि पहिल्या पर्वातील वेशभूषेची योजना रोझलिंड एबट यांनी केली. व्हिक्टोरिया राणी २० जून १८३७ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी गादीवर आली आणि २२ जानेवारी १९०१ रोजी निवर्तली. तिची कारकीर्द त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ चालली. परंतु मालिकेच्या पहिल्या पर्वातील कथा मात्र १८३७ ते १८४० एवढ्याच काळात घडते.

त्रेसष्ट वर्षांत पिढ्या बदलतात. मग वस्त्रे कशी न बदलावीत? १८३७ च्या सुमारास इंग्लंडातील प्रतिष्ठित स्त्रिया घागऱ्याला घेर यावा म्हणून आत एकावर एक अनेक परकर नेसत. १८५६ साली पोलादी कड्यांचा हलका सांगाडा प्रचारात आला. तो घागऱ्याखाली बांधला की परकरांचे ओझे कमी होई आणि घेर मात्र अधिकच विस्तृत दिसे. पुढे १८७० च्या सुमारास हा घेर समोरून ओसरला आणि पाठीमागे गोळा झाला. तेव्हा १८३८ च्या प्रसंगात पोलादी सांगाड्याचा पोशाख दाखवणे म्हणजे शिवकालीन मावळ्याच्या हाती आगपेटी देण्यासारखेच होय.

रंगांचेही तसेच आहे. पूर्वी कापडाचे रंग मंजिष्ठा, नीळ अशा वनस्पतींपासून आणि काही कीटकांपासून मिळत. १८५६ सालीच लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन हे औषध कृत्रिम रीतीने बनवण्याच्या खटपटीत होता. औषध साधले नाही. पण दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून त्याला सुरेख जांभळा रंग गवसला. कृत्रिम रंगांचे युग तेथून सुरू झाले. त्यापूर्वीच्या पात्रांना ते झगझगीत रंग देऊन चालत नाही.

मग वेशभूषाकाराने खरे रूप शोधावे कोठे? जुनी चित्रे पाहावीत आणि संग्रहालयांतील वस्त्रे न्याहाळावीत, हा सरळ मार्ग दिसतो. परंतु तोही निर्धोक नाही. गादीवर आल्याच दिवशी राणीने प्रिव्ही कौन्सिलची पहिली सभा घेतली. सर डेव्हिड विल्की या नामांकित चित्रकाराने पुढे त्या सभेचे चित्र रंगवले. त्यात वयोवृद्ध मुत्सद्द्यांसमोर तरुण राणी शुभ्र वस्त्रे परिधान करून बसलेली दिसते. वस्तुतः तिचे चुलते राजे चौथे विल्यम त्याच दिवशी पहाटे निवर्तले होते आणि शोकाच्या रिवाजाप्रमाणे तिने काळा पोशाख केला होता. राणीचे निष्पाप तारुण्य उठून दिसावे म्हणून चित्रकाराने शुभ्र रंग योजला. तो मूळ पोशाख आजवर जतन करून ठेवलेला आहे. परंतु काळाच्या ओघात त्याचा रंग विटून तपकिरी झाला आहे. चित्रावर विसंबावे तर पोशाख पांढरा, वस्त्रावर विसंबावे तर तपकिरी, आणि सत्य मात्र काळे! म्हणून एकाच साक्षीवरून निवाडा करू नये. चित्र, वस्त्र आणि त्या काळचे रीतिरिवाज हे तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

पुरावा पारखून झाला म्हणजे कात्री चालू होते. मोलाचे रेशीम कापण्यापूर्वी मांजरपाटाचा कच्चा पोशाख शिवून तो अंगावर बसवून पाहतात. १८४० साली शिवणयंत्रे प्रचारात आली नव्हती. म्हणून कॅमेऱ्याला दिसण्याजोगे टाके हातानेच घालणे इष्ट असते. दासीचा पोशाख नवाकोरा दिसू नये, यासाठी तो चहाच्या पाण्यात बुडवून आणि कोपरांजवळ घासून मुद्दाम जुना करावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. नाटक म्हणजे इतिहासाचा ग्रंथ नव्हे, हे खरे. त्यात कल्पनेला वाव असतो. तथापि असंख्य लोक इतिहासाचे ग्रंथ उघडतही नाहीत. पडद्यावर पाहिलेले चित्रच त्यांच्या मनात इतिहास म्हणून कायमचे ठसते. विल्कीने राणीचा काळा पोशाख जाणूनबुजून पांढरा केला. पण ज्याला मूळ रंगच ठाऊक नाही, त्याने केलेल्या बदलास कला म्हणता येत नाही. गेलेली माणसे आपल्याविषयीची चूक सुधारण्यास परत येत नाहीत. त्यांच्या वतीने खरे बोलण्याची जबाबदारी जिवंत माणसांवरच असते. मग त्यांच्या हाती लेखणी असो वा सुई.

अभ्यास
१. वेशभूषेला इतिहासाची साक्षीदार का म्हटले आहे?
२. १८३७ ते १८७० या काळात घागऱ्याच्या घेरात कोणते बदल झाले?
३. राणीच्या पहिल्या सभेतील पोशाखाविषयी चित्र आणि वस्त्र या दोहोंवरून गैरसमज कसा होऊ शकतो?
४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्त्राची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.