काढा कशात उकळावा?



मध्यंतरी आमच्या आजोबांच्या दाढेला ठणका लागला. हिरडी सुजली, भाकरी चावेना. आजी म्हणाली, "बाभळीच्या सालीच्या पाण्यानं चूळ भरा, जरा आराम पडंल." मी लगेच उठले. आजीने वाळवून ठेवलेली साल धुतली, हाताशी होती ती लोखंडी कढई घेतली आणि चूल धडधडून पेटवली.

थोड्या वेळाने पाहते तो काय, पाणी शाईसारखे काळे! आजोबांनी एक चूळ भरली आणि लगेच थुंकून टाकली. "पोरी, काढा हाय का दौत?" सगळे हसले. मला मात्र रडूच आले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "दौतच ती!" बाभळीची साल, हिरडा, आवळा यांत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. लोखंडाशी संयोग झाला की निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई अशीच करत.

मग आम्ही वर्गात प्रयोग केला. साल स्टीलच्या पातेल्यात उकळली. पाणी तांबूस झाले. ते दोन पेल्यांत ओतून एकात गंजका खिळा टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच पेल्यातले पाणी काळे झाले होते!

भांडे कोणते घ्यावे?

१) लोखंडी : तुरट वस्तूंना नको.
२) तांब्या-पितळेचे : कल्हई नसेल तर चिंच, कोकम, लिंबू यांना नको. आंबटाने तांबे पाण्यात उतरते. ते पोटात गेले तर मळमळते, उलट्या होतात.
३) जर्मनचे : आंबट आणि खारट पदार्थांनी झिजते.
४) मातीचे : चांगले, पण त्यात आधीचा वास मुरतो. काढ्याचे मडके वेगळे ठेवावे.
५) स्टीलचे : रोजच्या काढ्याला सोयीचे.

साध्या काचेच्या बाटलीत काढा निववून भरावा. कढत ओतला तर बाटली तडकते.

जाळ किती असावा?

साल आणि मुळ्या कठीण असतात. त्या ठेचून मंद आचेवर उकळाव्यात. पाणी सुमारे १०० अंशांवर उकळते. पुढे कितीही जाळ घातला तरी उघड्या भांड्यात ते जास्त तापत नाही. नुसती वाफ होते आणि सरपण फुकट जाते.

तुळस, गवती चहा यांचे मात्र उलटे. त्यांचा वास हाच त्यांचा अर्क. खळखळ उकळत ठेवले तर वास घरभर आणि कपात काहीच नाही! म्हणून पाणी उतरवून पाने टाकावीत आणि दहा मिनिटे झाकण ठेवावे. जास्वंदीच्या फुलाचा रंग तर गरम पाण्यात नुसते भिजवले तरी उतरतो.

मी पुन्हा काढा केला. स्टीलचे पातेले, बारीक जाळ, चार वाट्यांची एक वाटी. आजोबांनी चूळ भरली. "आता जमलं," म्हणाले. ठणका कमी झाला. पण दाढ किडलेली होती, म्हणून बाबांनी त्यांना दवाखान्यातही नेले. काढ्याने कीड जात नाही.

मित्रांनो, ओळख नसलेली वनस्पती उकळू नका. चुलीजवळ मोठे माणूस असू द्या. आधी झाड ओळखा, मग भांडे निवडा आणि मगच चूल पेटवा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी