मनाचा तुटलेला धागा
(मंडळ्यांतील अभ्यासवर्गांकरिता)

वाचावयाचे भाग : उत्पत्ति २४ : ६२-६५, स्तोत्र १.

“प्रार्थनेस बसलो की मन बाजारात जाते, कर्जाच्या हप्त्यापाशी घुटमळते. अशा प्रार्थनेचा उपयोग काय?” हा प्रश्न सोलापूरच्या आसपासच्या मंडळ्यांत आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. कित्येक बंधुभगिनींनी ह्याच कारणाने एकांतात बसणे सोडून दिले आहे. म्हणून ह्या विषयाचा येथे विचार करू.

१. मन भटकणे हा मनुष्यस्वभाव आहे. सन २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील किलिंग्जवर्थ व गिल्बर्ट ह्या संशोधकांनी २,२५० प्रौढ माणसांस दिवसाच्या निरनिराळ्या वेळी, “आता मन कोठे आहे?” असे विचारिले. शंभरांतून सुमारे ४७ वेळा मन हातच्या कामावर नव्हते. उपदेशकही ह्यास अपवाद नाहीत. डोळे मिटून आम्ही किती वेळा मंडळीच्या हिशेबात शिरलो, हे आम्हांस ठाऊक आहे.

२. एकाग्रता म्हणजे धागा कधीच न तुटणे नव्हे. सोलापुरातील मागावर चादर विणताना ताण्याचा धागा तुटतो. विणकर रागावून चादर फाडून टाकीत नाही. तो माग थांबवितो, दोन्ही टोके शोधितो, गाठ मारितो आणि पुढे विणू लागतो. मन गेलेले कळताच त्यास शांतपणे परत आणणे, हीच ती गाठ होय. दहा वेळा मन गेले आणि दहा वेळा परत आणिले, तर ती वेळ फुकट गेली असे समजू नये.

३. ध्यान हे एकाग्रतेच्या पुढचे पाऊल आहे. एकाग्रता मनास एका ठिकाणी आणते. ध्यान त्यास तेथे मुरू देते. गाय चरलेला चारा सावकाश रवंथ करिते, तसे एकच वचन मनात घोळवावे. पहिल्या स्तोत्रातील झाड प्रवाहाजवळ आहे. ते पाणी घाईने पीत नाही.

४. मोकळ्या मनासही जागा आहे. इसहाक सायंकाळी ध्यान करावयास शेतात गेला. तेथे त्याने दृष्टी वर केली, तो उंट येताना दिसले. त्यांबरोबर रिबका होती. काम संपल्यावर बांधावरून चालताना मनास मोकळे सोडणे हा आळस नव्हे. परंतु चिंता म्हणजे मोकळे मन नव्हे. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, तरी कोठेच पोहोचत नाही. मन त्याच कर्जाभोवती फिरू लागले, तर काय करता येईल ते कागदावर लिहावे, जाणत्या माणसाचा सल्ला घ्यावा आणि मग प्रार्थनेस बसावे.

ह्या आठवड्याचा पाठ : रोज दहा मिनिटे एक वचन घेऊन बसावे. मन किती वेळा गेले हे मोजू नये. परत आणावे, एवढेच करावे.

वर्गात विचारावे : आपले मन बहुधा कोठे जाते? ते तेथे विसाव्यास जाते, की घाण्यास जुंपले जाते?