शर्ट, शाफ्ट आणि शिवणीतली माया

थर्ड इयर संपत आलं की आमच्या होस्टेलवर एक नवीनच उद्योग सुरू होतो, शर्ट उसने मागण्याचा. ‘अरे, तुझा तो आकाशी दे ना, उद्या इंटरव्ह्यू आहे.’ मग तो एकच आकाशी शर्ट एका आठवड्यात चार कंपन्यांसमोर जाऊन येतो. गंमत म्हणजे शर्ट तोच, पण एकाला तो मस्त दिसतो, दुसऱ्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबतो आणि तिसऱ्याला त्यात हात वर करायची भीती वाटते.

मित्रांनो, कपड्यांवरून नोकरी मिळत नाही हे मलाही माहीत आहे. डेटा स्ट्रक्चर येत नसेल तर कोणताही सूट आपल्याला वाचवू शकत नाही. पण आमच्या विंगमधल्या एकाची गोष्ट सांगतो. मॉक इंटरव्ह्यूमध्ये पूर्ण वीस मिनिटं तो एका हाताने कॉलर ओढत होता. शाळा मराठी मीडियमची, इंग्लिशमध्ये बोलायचं टेन्शन आधीच, त्यात गळ्याशी हा फास! उत्तरं त्याला येत होती. तरी फीडबॅकच्या कागदावर ‘नर्व्हस’ असा शेरा आला. माझ्या मते त्यातला निम्मा नर्व्हसनेस कॉलरचा होता.

म्हणून हा लेख. विषय फॅशन नाही, विषय आहे ‘फिट’, आणि तो आपल्याला सेकंड इयरलाच शिकवलेला आहे. मशीन ड्रॉइंगमधले होल आणि शाफ्ट आठवा. एच-७ जी-६ म्हणजे क्लिअरन्स फिट, शाफ्ट आरामात फिरतो. एच-७ पी-६ म्हणजे इंटरफिअरन्स फिट, ठोकून बसवावा लागतो. आपलं शरीर म्हणजे शाफ्ट आणि शर्ट म्हणजे होल. शर्टाला नेहमी क्लिअरन्स फिटच हवा, फक्त क्लिअरन्स किती हा प्रश्न. शिंप्यांचा साधा हिशेब असा, की नेहमीच्या शर्टात छातीच्या मापापेक्षा साधारण ४ इंच जास्त कापड ठेवायचं. स्लिम फिटमध्ये ते कमी होतं. आपली मुलं दोन्ही टोकांना आहेत. काहींना आईने ‘अजून वाढशील’ म्हणून घेतलेला शर्ट विसाव्या वर्षीही सैलच आहे, तर काहींचा जिम लावल्यापासून इंटरफिअरन्स फिट झाला आहे. बटणांच्या मध्ये कापड ताणून फट दिसायला लागली की समजावं, टॉलरन्स संपला.

आता तपासायचं कसं? सगळ्यात आधी खांदा. खांद्याची शिवण बरोब्बर खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. ती दंडावर उतरली असेल तर तो शर्ट फुकट मिळाला तरी ठेवून द्या, कारण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून मुंढा नव्याने कापायचा, आणि तेवढ्या पैशात दुसरा शर्ट येतो. मग कॉलर. सगळ्यात वरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. बाकी कमरेतला घोळ, बाहीची लांबी, पँटची उंची, मोहरी हे सगळं कोणताही चांगला शिंपी तासाभरात बसवून देतो. थोडक्यात, दुकानात खांदा आणि कॉलर विकत घ्यायची, बाकी मापं शिंप्याकडून.

लेबलवरच्या आकड्याचा तर फारच घोटाळा आहे. फॉर्मल शर्टवर ३९, ४०, ४२ असे आकडे असतात आणि आपण बिनधास्त समजतो की ही छाती आहे, इंचात. बहुतेक रेडीमेड फॉर्मल शर्टांवर तो कॉलरचा घेर असतो, सेंटिमीटरमध्ये! युनिट न लिहिता उत्तर लिहिलं तर आमचे सर अर्धा मार्क कापतात. इथे अख्खी इंडस्ट्री सुटते. आणि ‘एम’ ‘एल’चं म्हणाल तर प्रत्येक कंपनीचा ‘एल’ वेगळा. कित्येक कंपन्या इंग्लंड-अमेरिकेच्या चार्टमध्ये थोडाफार फेरफार करून काम भागवत आल्या आहेत. म्हणूनच निफ्टने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५,००० भारतीयांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, असा त्याचा आवाका. तोवर आपला टेप झिंदाबाद. घरातला सगळ्यात नीट बसणारा शर्ट टेबलावर पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि ते माप मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ऑनलाइन घेताना ‘एल’ न बघता हा आकडा बघायचा.

कॉटन असेल तर अल्टर करण्याआधी एकदा धुऊन घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. १९३० च्या सुमारास अमेरिकेत सॅनफर्ड क्लूएट यांनी कापड आधीच यंत्रात आटवून घेण्याची पद्धत शोधली. जुन्या कापडांच्या काठावर ‘सॅनफोराइज्ड’ हा शिक्का असतो, तो त्यांच्याच नावावरून.

शब्दांवरून आठवलं. आमच्या गेटसमोरचे मास्तर एकदा पँट उलटी करून म्हणाले, ‘माया आहे, सैल होईल.’ माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मला माया म्हणजे आईची तेवढी ठाऊक. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं असतं, त्याला शिंपी माया म्हणतात. इतका सुंदर टेक्निकल टर्म आमच्या कोणत्याच टेक्स्टबुकात नाही. रेडीमेडमध्ये पुष्कळदा माया नसते, कापड वाचवलेलं असतं. त्यामुळे रेडीमेड बारीक करता येतं, मोठं करता येत नाही. घेताना पँट आतून उलटून मागची मधली शिवण जरूर बघा.

मग घ्यायचं काय काय? माझ्या मते फार थोडं. एक पांढरा आणि एक फिका निळा शर्ट, एक गडद पँट (नेव्ही किंवा करडी, काळी शक्यतो नको, धूळ लगेच दिसते), एक गडद निळी जीन्स, दोन साधे टी-शर्ट ज्यांच्यावर इंग्लिश सुविचार नाहीत, आणि बूट व पट्टा एकाच रंगाचे. हे सगळे रंग एकमेकांवर चालतात, म्हणजे चार शर्ट-टी-शर्ट आणि दोन पँट यांचे आठ जोड झाले. परम्युटेशन-कॉम्बिनेशनचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता. ब्लेझर घेऊच नका, तो खुशाल उसना घ्या, फक्त खांदा बघून.

बजेट नसेल तर घरचं कपाट उघडा. आपल्याकडे लग्नाच्या आहेरात आलेले शर्टपीस-पँटपीस वर्षानुवर्षं डांबरगोळ्यांच्या वासात पडून असतात. ५८ इंची पन्ह्याचं कापड असेल तर फुल शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटला १.२० मीटर पुरतं, आणि आहेराचे पीस बहुधा तेवढेच असतात. फक्त शिलाईचा खर्च. ‘शिवलेले कपडे म्हणजे ओल्ड फॅशन’ असं म्हणणाऱ्यांना इतकंच विचारावं, की तुमच्या मापाचा शर्ट तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे? जुना नीट बसणारा शर्ट नमुन्याला द्या, कॉलर केवढी, मोहरी किती हे आकड्यात सांगा. ‘मॉडर्न शिवा’ एवढंच सांगितलं तर मास्तर त्यांच्या तरुणपणातलं मॉडर्न शिवतील.

आपल्याकडे प्लेसमेंट जुलै-ऑगस्टला सुरू होतात, म्हणून कापड जूनच्या पहिल्या आठवड्यातच टाका. पुढे सणांची गर्दी झाली की शिंपी नवीन काम घेत नाहीत. शिवून झाल्यावर तिथेच घालून बघायचं, घरी येऊन नाही. खाली बसून बघा, हात पुढे करून बघा. आणि ट्रायलला जाताना इंटरव्ह्यूला घालणार तेच बूट घालून जा, कारण पँटची उंची बुटाच्या टाचेवरून ठरते, होस्टेलच्या स्लिपरवरून नाही.