गोळी कुटून देण्यापूर्वी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात प्रशासकाने जमाखर्चाविषयी लिहावे, औषधांविषयी नव्हे, असा संकेत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हा संकेत मला सोयीचाच. तथापि औषधभांडाराच्या वाढलेल्या खर्चाचा खुलासा करताना पुढील प्रसंग सांगणे भाग आहे.

अर्धांगवायूमुळे गिळता न येणारे एक वृद्ध गृहस्थ आपल्या पुरुष विभागात दाखल होते. नाकातून घातलेल्या राइल्स ट्यूबवाटे त्यांना अन्न व औषधे दिली जात. रक्तदाबासाठी लिहिलेली निफेडिपिन रिटार्ड ही गोळी इतर गोळ्यांसमवेत खलात कुटून, पाण्यात कालवून नळीतून देण्यात आली. थोड्याच वेळात रक्तदाब एकदम उतरला व रुग्णास अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सुदैवाने ते सावरले.

परिचारिकेस दोष देणे सोपे होते. परंतु चौकशीअंती दिसून आले, ते असे. काटकसर म्हणून द्रवरूप औषधे खरेदीच्या यादीतून कमी करावीत, ही सूचना माझी होती. सिरप महाग, गोळी स्वस्त, एवढाच माझा हिशेब. त्यामुळे वॉर्डात मिळेल ती गोळी कुटण्याचा प्रघात पडला आणि कोणती कुटू नये हे विचारण्याची सवय मोडली.

आपल्या घरांतून बाळगुटी सहाणेवर उगाळून देण्याची जुनी रीत आहे. वैद्यांची मात्राही मधात खलली जाते. म्हणून औषध बारीक केले की ते अधिक लागू पडते, असा समज सहज होतो. आधुनिक गोळीची घडण मात्र निराळी असते. दीर्घ परिणामाच्या गोळीत बारा किंवा चोवीस तास हळूहळू पाझरावयाचे औषध साठविलेले असते. ती फोडली की सारा साठा एकदम रक्तात उतरतो. पुढे परिणाम लवकर ओसरतो, ते वेगळेच. अशा गोळ्यांच्या नावापुढे बहुधा एस.आर., ई.आर., सी.आर., एक्स.एल. अशी अक्षरे असतात. मात्र अक्षरे नाहीत म्हणून गोळी कुटण्याजोगी आहे, असे समजू नये.

काही गोळ्यांवरील आवरण जठरातील आम्लात न विरघळता आतड्यात विरघळते. पँटोप्राझोल कुटल्यास आम्लानेच ते निकामी होते. डायक्लोफेनॅकच्या आवरणाचा हेतू उलट, म्हणजे जठराचा दाह टाळण्याचा. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाची भुकटी तर कुटणाऱ्यालाच अपायकारक असते, आणि घरी हे काम बहुधा सून किंवा मुलगी करते.

गोळीवर मधोमध रेघ असल्यास ती अर्धी करता येते, पण म्हणून कुटता येतेच असे नाही. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या दीर्घ परिणामाच्या रेघ असलेल्या गोळ्या हे त्याचे उदाहरण.

घरी गेलेल्या रुग्णांचे नातेवाईक पोळपाट-लाटण्याने गोळ्या बारीक करून केळ्यात वा मुरंब्यात देतात. त्यामागे मायाच असते. "गोळी घशात अडकते" हे मात्र डॉक्टरांना कोणी सांगत नाही. आम्हीही विचारत नसू. आता घरी सोडताना हा प्रश्न विचारला जातो. पर्यायी औषध, विरघळणारी गोळी किंवा सिरप बहुतेक वेळा निघते.

वॉर्डातील पद्धतही बदलली आहे. नळी असलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर तशी ठळक नोंद होते व औषधनिर्माता प्रत्येक गोळी तपासतो. कुटण्यास योग्य ठरलेली औषधेही एकत्र न कालवता एकेक देतात आणि प्रत्येकापूर्वी व नंतर नळीत पाणी सोडतात, अन्यथा नळी तुंबते. फेनिटॉइन नळीतल्या आहारासोबत दिल्यास नीट शोषले जात नाही, म्हणून दोहोंत अंतर ठेवावे लागते. त्याची वेळ डॉक्टर ठरवितात.

खर्चाच्या तक्त्यात 'द्रवरूप औषधे' हे शीर्षक यंदा स्वतंत्र दाखविले आहे. ती रक्कम वाढलेली आहे आणि तिला मंजुरी द्यावी, अशी विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे.