सायकलीवरील कॅमेरा काय पाहतो?

गतवर्षी माळेगावची यात्रा पांगल्यानंतर आम्ही काही विद्यार्थ्यांसह लोह्याहून सायकलींवरून माळेगावास गेलो होतो. एका विद्यार्थ्याने आपल्या सायकलीच्या हँडलास लहानसा कॅमेरा बसविला होता. ती चित्रफीत त्याने घरी दाखविली. पुढे त्याच्या मातोश्री भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, "रस्ता तर मोकळाच दिसतो, गुरुजी. आता याला एकट्याने जाऊ द्यायला हरकत नाही."

मी त्या मुलाच्या मागेच होतो. नांदेड-लातूर महामार्गावर एक मालमोटार त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावरून गेली, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले होते. चित्रफितीत ती मालमोटार होती. परंतु उजव्या कडेस क्षणभर झळकून ती लगेच खेळण्याएवढी झाली होती. कॅमेरा खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. मग हे घडले कसे?

गोप्रो कंपनीचा असा पहिला कॅमेरा २००४ साली विक्रीस आला. तो मनगटास बांधावयाचा असून त्यात फिल्मची गुंडाळी घालावी लागे. आताच्या कॅमेऱ्यांप्रमाणेच त्याचाही हेतू, हात मोकळे ठेवून चित्र घेणे, हाच होता. या कॅमेऱ्यांचे भिंग फार रुंद प्रदेश पाहते. एवढा प्रदेश लहानशा चित्रात मावावयाचा, म्हणजे त्यातील प्रत्येक वस्तू लहान होणारच. आणि लहान दिसते ते दूर आहे, असे आपले डोळे समजतात. शिवाय हँडलावरील कॅमेऱ्याचे तोंड पुढे असते. मागून येणारे वाहन आपणांस ओलांडू लागेपर्यंत त्यास दिसतच नाही. ज्या क्षणी धोका सर्वांत मोठा, तो क्षण चित्रात नसतो!

दुसरी गोष्ट खड्ड्यांची. कॅमेरा बहुधा संपूर्ण चित्र एकदम टिपीत नाही. वरून खाली ओळीओळीने टिपतो. मध्येच धक्का बसला तर विजेचे सरळ खांबही वाकडे होतात. म्हणून आतील जायरोस्कोप हालचाल मोजतो, आणि त्यानुसार चित्राच्या कडा छाटून ते स्थिर करण्यात येते. चित्र सुरेख होते खरे. पण त्याबरोबर खड्डेही नाहीसे होतात. आमचे मनगट मात्र दोन दिवस ठणकत होते!

चाकाची गंमत मुलांना विशेष आवडली. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर झरझर दाखविली होती. चलच्चित्र म्हणजे अशी सुटी सुटी चित्रेच होत. समजा, कॅमेरा सेकंदास ३० चित्रे घेतो, चाकाचा परीघ २.२ मीटर असून त्यास ३२ तारा आहेत. दोन तारांमधील अंतर परिघावर सुमारे ६.९ सेंटिमीटर येते. दोन चित्रांच्या दरम्यान चाक नेमके तेवढेच फिरले, तर प्रत्येक तार मागच्या तारेच्या जागी येते आणि चाक थांबलेले दिसते. तो वेग ताशी सुमारे ७.४ किलोमीटर होय. वेग किंचित कमी केला की चाक उलटे फिरू लागते! मुलांनी हे शाळेच्या पटांगणावर करून पाहावे. मात्र कॅमेरा आधी सुरू करून द्यावा, चालत्या सायकलीवर त्याच्याशी खेळू नये.

पुढील शनिवारी तोच कॅमेरा आम्ही माझ्या सायकलीस बसविला आणि तो मुलगा पुढे राहिला. या वेळी एक एस.टी. गाडी गेली. भिंग तेच होते. परंतु मुलाचे कोपर व गाडीची बाजू एकाच चित्रात शेजारी शेजारी आल्याने त्यांमधील फट स्पष्ट दिसत होती. त्याच्या मातोश्रींनी ती चित्रफीत दोनदा पाहिली. काही वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही मागे असाल, तरच पाठवीन."